नॉर्मल छाती

बिडकीनकडच्या कारखान्यांत माझी छाती किती माणसांच्या नावावर खपवली, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. माझी म्हणजे माझीच. मी बानू, एक्सरे टेक्निशियन, मूळची दौलताबादच्या पलीकडची, आता पडेगावात भाड्यानं राहते. आजी बानाबाई, तिचंच नाव मला. आजीनं जन्मभर मेंढरं राखली, मी डिप्लोमा करून माणसांची हाडं बघायला लागले. घरात कौतुक झालं. त्या कौतुकाचं आता काय करू ते सांगा.

कळलं ते मल्हारीमुळं. मल्हारी माझा धाकटा भाऊ. बिडकीनच्या एका ओतकामाच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागला होता. एका दुपारी, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, तो जालना रोडवरच्या आमच्या डायग्नोस्टिक सेंटरवर आला. काखेत पिवळं पाकीट, शर्ट अंगावर लोंबत होता. महिना झाला खोकतोय, म्हणाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं कामावर लागतानाची जुनी फिल्म मागितली होती, आणि ती दाखवायच्या आधी त्याला बहिणीकडून बघून घ्यायची होती.

मी डबा बाजूला सारला आणि फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. वर कोपऱ्यात त्याचं नाव. खाली आमच्या सेंटरचं नाव, कारण कारखान्यांचे मेडिकल कॅम्प आमचीच व्हॅन करते. आणि मध्ये जी छाती होती ती बाईची होती.

बाईच्या छातीच्या फिल्ममध्ये खालच्या बाजूला, दोन्हीकडं, एक फिकट गोलसर सावली येते. अंगाचीच सावली, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही ती ओळखू येते. पण माझं लक्ष वर गेलं. डावीकडचं गळ्याजवळचं हाड मध्येच गाठ मारल्यासारखं जुळलेलं होतं. मी लहान असताना आमच्या एडक्यानं मला उडवलं होतं आणि गावातल्या हाड बसवणाऱ्यानं ते हाड असंच, वाकडंतिकडं बसवलं होतं. आजही पिशवी डाव्या खांद्याला अडकवली की तिथं ठणकतं.

"काय गं ताई, एवढं काय बघायलीस?"

"मल्हारी, तुह्या छातीत मी हाय."

तो हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतेय. मग खोकल्याची उबळ आली आणि तो भिंतीला हात लावून वाकला.

"कॅम्पला तुझा एक्सरे कुणी काढला?"

"काढलाच नाय कुणी. आधारकार्ड दिलं, नाव लिहिलं, पुढं व्हा म्हनले."

"आन् तू इचारलं नाय?"

"मला वाटलं, आताच्या मशीनी लांबूनच काढत असतील."

त्या उत्तरावर मी त्याला मारलं असतं. पण त्याची काय चूक? जगात सगळंच लांबून होतंय, एक्सरेही होत असेल, असं वाटलं बिचाऱ्याला.

माझी फिल्म तिथं कशी गेली, तेही मला लगेच उमगलं. सेंटरला नवं डिजिटल मशीन आलं तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले, झेंडूची माळ घातली आणि मग इंजिनिअर म्हणाला, ट्रायलला कुणीतरी उभं राहा. सगळे गडी मागं सरकले. किरणांनी पोरं होत नाहीत, असं त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं. मी उभी राहिले. फिल्म अशी देखणी आली की सगळे बघतच राहिले. काकासाहेब सर, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "नॉर्मल म्हणजे असं पाहिजे!" आणि ती कॉम्प्युटरमध्ये नमुना म्हणून ठेवून दिली. मला तेव्हा, खरं सांगते, अभिमान वाटला होता. पगारवाढ मागितली तर कुणी ऐकत नव्हतं, निदान छातीचं तरी कौतुक झालं.

मी मल्हारीला तसाच आत नेला, शर्ट काढायला लावला आणि त्याचा स्वतःचा एक्सरे काढला. पडद्यावर चित्र उमटलं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पांढरा ढग आणि त्या ढगात एक काळं भोक. टेक्निशियननं रिपोर्ट सांगायचा नसतो, असा नियम आहे. आमच्याकडं तेवढा एकच नियम पाळतात.

"टीबी असणार," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. गोळ्या फुकट भेटतात. बरा होतोस, पण आज सुरू कर."

त्यानं शर्टाची बटणं लावली. खालून वर, एकेक. "पुढच्या आठवड्यात परत कॅम्प हाय आमचा," तो म्हणाला. "त्यात पास झालो तर ठेकेदार वर्षाचं काम देनार हाय. तेवढा होऊ दे, ताई. मंग गोळ्या घेतो."

"खोलीत किती जण झोपता?"

"आठ."

"बाकीच्या सातांना देशील तू."

"मला त्यांनीच दिली असंल," तो म्हणाला आणि पाकीट काखेत मारून निघायला लागला. मी त्याच्या काखेतलं पाकीट ओढलं आणि जुनी फिल्म काढून घेतली. ती माझी होती.

ती घेऊनच मी सरांच्या केबिनमध्ये गेले. काकासाहेब सर डॉक्टर नाहीत. त्यांची जमीन मोठ्या रस्त्यात गेली, त्यातून सेंटर उभं राहिलं. फिल्मा वाचणारे डॉक्टर दुसऱ्या शहरात असतात, त्यांची सही आमच्या कॉम्प्युटरमध्ये असते. सरांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली, आधी उलटी, मग सुलटी.

"बस. पाणी घे."

"सर, ही छाती माझी आहे. नाव माझ्या भावाचं आहे. त्याला टीबी झालाय आणि तुम्ही त्याला पास केलंय."

सर माझ्याकडं न बघता बेल वाजवत राहिले. सांडू आला. सांडू व्हॅनचा ड्रायव्हर, कॅम्पला कॉम्प्युटरवरही तोच बसतो.

"सांड्या, ही कुठली फिल्म लावलीस?"

"सर, वोच. अपनी नॉर्मलवाली."

"अरे, बाईची आहे ती!" सर असे ओरडले की बाहेरची रिसेप्शनवाली आत डोकावली. "गड्याला गड्याची लावायची, बाईला बाईची. एवढी अक्कल नको?"

"मेरे कू क्या मालूम, सर? छाती तो छातीच रहती ना."

मला वाटलं होतं, चोरी पकडली म्हटल्यावर निदान खाली मान घालतील. इथं चोरीबद्दल शब्द नव्हता, चोरी नीट केली नाही म्हणून शिव्या चालल्या होत्या. माझ्या अंगाचा फोटो, कपडे काढून उभी राहिले तो, या माणसांनी पोत्यानं वाटला होता आणि वर माझ्याच समोर बसून ठरवत होते की पुढच्या वेळी कुणाचा वाटायचा.

"पुढच्या कॅम्पला मी जाणार," मी म्हटलं. "एकेकाचा एक्सरे काढणार. नाहीतर ही फिल्म घेऊन कारखान्याच्या गेटवर उभी राहीन."

सरांनी फिल्म टेबलावर ठेवली आणि तिच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरांत टेक्निशियनचं नाव छापलेलं असतं. माझं होतं.

"सगळ्यांच्या फिल्मांवर आहे," सर शांतपणे म्हणाले. "कायद्यानं या सगळ्या तूच काढल्यात, बानू. गेटवर उभी राहशील तर नीट विचार करून राहा. बाकी कॅम्पला जायचं म्हणतेस तर जा की. कोण अडवतंय?"

त्यांनी इतक्या सहज का सोडलं, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, मी जिंकले.

रागात माणूस किती मूर्ख होतो बघा. इन्स्टिट्यूटवाल्यांनी बोर्डावर लिहिलं होतं, 'शंभर टक्के नोकरी'. नोकरी आहेच. अकरा महिन्यांचा करार, मग काही दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने, म्हणजे कायमचं म्हणायची वेळ कधी येत नाही. दुसरीकडं मुलाखतीला जा, तर विचारतात, रिसेप्शन बघाल का, सोनोग्राफीला बाया धराल का, रात्री एकटीनं राहाल का. मशीन चालवता येतं का, हे शेवटी विचारतात. किंवा विचारत नाहीत. आमच्या बॅचची एक पोरगी साड्यांच्या दुकानात आहे, तिला आमच्यापेक्षा बरं चाललंय. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी जिंकले असं मला वाटलं.

त्या आठवड्यात मल्हारीला मी रोज फोन केला. रोज म्हणायचा, जातो. गेला नाही. गोळ्या सुरू केल्या की दवाखान्याचा माणूस खोलीवर चौकशीला येतो, मग घरमालकाला कळतं, मग ठेकेदाराला, असं त्याला खोलीतल्या पोरांनी सांगितलं होतं. आईला, दगडाबाईला, मी काहीच बोलले नाही. ती गावात सगळ्यांना सांगत फिरत होती, की पोरगं कंपनीत लागलं.

कॅम्पच्या दिवशी व्हॅन कारखान्याच्या मागच्या शेडपाशी लागली. सांडू माझ्याशी बोलत नव्हता. व्हॅनमध्ये किरणं अडवणारा शिशाचा एप्रन एकच, तोही घड्या घालून सीटखाली कोंबलेला. या एप्रनची घडी घालायची नसते, आतल्या आत तडे जातात आणि मग तो अंगावर घेतला काय नि गोधडी घेतली काय. मी तो झटकून खुंटीला टांगला आणि पहिल्या माणसाला हाक मारली.

"शर्ट काढा."

"शर्ट?" तो म्हणाला. "मागच्या बारीला तर काढला नव्हता."

"या बारीला काढा."

एकेक आत येत होता. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढं, श्वास घ्या, धरून ठेवा. सोडा. पुढचा. रांगेतली पोरं आधी हसत होती, मग उन्हानं वैतागली. रामकिसन ठेकेदार दर थोड्या वेळानं दारात येई. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल.

"मॅडम, लई टाइम लागायला. मागच्या बारीला तुमच्या मानसानं चहा प्यायच्या आत उरकलं होतं."

"त्यानं काढलेच नव्हते."

"मंग बिगर काढल्याचंच चांगलं होतं की," रामकिसन म्हणाला. तो गमतीनं बोलत नव्हता.

पहिल्या बऱ्याच जणांच्या छात्या स्वच्छ होत्या. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटत होतं. स्वतःच्या बरगड्या, स्वतःच्या नावावर. मग एकाच्या फिल्ममध्ये डाग दिसला. मी त्याला बाजूला थांबायला सांगितलं. तो शेडच्या सावलीत उकिडवा बसला आणि त्याला तसं बसलेलं बघून रांगेतलं हसणं थांबलं.

मग मल्हारी आत आला. मी मधल्या काचेच्या आड होते. त्यानं शर्ट काढला, प्लेटला छाती टेकवली.

"श्वास घे. धरून ठेव."

मी बटण दाबलं आणि नेमका तेव्हाच तो खोकला. फिल्म हलली, सगळं धुरकट.

"पुन्हा. धरून ठेव."

या वेळी खोकला नव्हता. त्यानं खांदा उडवला. मी ते काचेतून स्पष्ट पाहिलं. चित्र पुन्हा धुरकट. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं, की ही पोरं रात्री खोलीत बसून हेच ठरवत होती. हललं की फिल्म बिघडते, बिघडली की रिपोर्ट येत नाही, रिपोर्ट नाही आला की जुनी लावतात. आमच्या धंद्यातली एवढी एक गोष्ट कामगारांनी नीट शिकून घेतली होती.

मी बाहेर आले. "मल्हारी, हलू नको."

तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुहीच लाव की. सगळ्यांना चालली. मलाच कामून नाय?"

दारातून रामकिसननं ऐकलं. मागच्या दोघा-तिघांनीही ऐकलं. एकजण म्हणाला, "व्हय मॅडम, ती चांगली फिल्म हाय म्हनं तुमच्याकडं. तीच लावा ना, सगळेच मोकळे." बोलण्यात अश्लील काही नव्हतं. तो विनवत होता. तेव्हा मला समजलं, सरांनी मला का सोडलं. त्यांना ठाऊक होतं, की चार तासांत हीच माणसं मला हात जोडतील.

रामकिसननं मोबाइल पुढं केला. पलीकडून सर म्हणाले, "बानू, झाली ना हौस? मशीन सांडूकडं दे. तुझा करारही याच महिन्यात संपतोय, आठवण आहे ना?"

मी फोन परत दिला. राग आला होता. सरांचा राग, रामकिसनचा, त्या सांडूचा, मल्हारीचा तर सगळ्यात जास्त. माझी छाती चोरून लावली तेव्हा निदान मला विचारलं नव्हतं. आता माझा भाऊ ती माझ्या तोंडावर मागत होता, मरायला.

"सांडू, बटणापाशी बस," मी म्हटलं. "मी दाब म्हटलं की दाबायचं. नाही दाबलंस तर गेटवर तुझं नाव मी पहिलं सांगेन, सरांचं राहू दे."

तो बसला. मी एप्रन अंगात अडकवला, तडे गेलेला तो, आणि मल्हारीच्या बाजूला उभी राहिले. पेशंटला टेक्निशियननं कधीच धरायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी त्याला धरलं. एक हात पाठीवर, दुसऱ्या हाताची बोटं खांद्यावर रुतवून, सगळं वजन घालून प्लेटला दाबला. हाताखाली त्याच्या बरगड्या लागल्या. लहानपणी मी याला कडेवर घेऊन मेंढरांमागं चालले आहे, तेव्हाही इतका हलका नव्हता.

"सोड, ताई."

"नाय सोडत."

तो मुद्दाम खोकायला लागला. खोकू दिला. मग मुद्दामचा खोकला खरा झाला आणि थांबेना. मी तसाच दाबून धरला. खोकला संपला की माणूस श्वास घेतोच, तो कुणाला अडवता येत नाही. त्याची पाठ माझ्या तळव्याखाली फुगली.

"दाब!"

सांडूनं दाबलं.

फिल्म स्वच्छ आली. ढग तिथंच होता, भोक जरा मोठं वाटलं. वर खांद्यावर माझ्या बोटांची हाडं. मी त्याचं नाव घातलं, गाव घातलं आणि डॉक्टरांकडं आणि कारखान्याच्या ऑफिसला, दोन्हीकडं पाठवून दिली. बाजूला बसवलेल्या माणसाचीही पाठवली. मग पुढच्याला हाक मारली. कुणी आलं नाही. बाहेर बघते तर खिळ्यांवरचे शर्ट काढून पोरं निमूट शेडमागून चालली होती. जी राहिली ती दुसरीकडं बघत होती.

रामकिसननं मल्हारीच्या गळ्यातलं ओळखपत्र तिथंच काढून घेतलं. "तुमचा भाऊ व्हय?" मला म्हणाला. "मला वाटलं, दुश्मन हाय."

गेटबाहेर मल्हारी पिशवी घेऊन उभा होता. मी जवळ गेले तशी त्यानं मला आईवरून शिवी दिली. आई आमची एकच आहे, हे त्याच्या ध्यानात राहिलं नसावं. मी ऐकून घेतली. रिक्षाला हात केला.

"बस."

"कुठं?"

"दवाखान्यात."

"आन् गावाकडं काय सांगू? आईला काय सांगू?" त्याचा आवाज फाटला. "तू मह्या पोटावर पाय दिला, ताई. आता खाऊ काय?"

"गोळ्या," मी म्हटलं. "त्या उपाशीपोटीच घ्यायच्या असतात."

मी त्याचा दंड धरला आणि त्याला आत ढकललं.